सुलाबाईने खाली ठेवलेला तांब्या

चिंचमळ्याच्या शाळेत पहिलीला कुणाचं मूल घ्यायचं, हे कागदोपत्री शाळा समिती ठरवते. खरं ठरवायची ती सुलाबाई, आणि तेही तांब्यातलं पाणी पिऊन किंवा न पिता. ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं गावात दोनच होती. एक सुलाबाई स्वतः आणि दुसरे हेडमास्तर इंद्रजित गुरुजी.

सुलाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बावीस वर्षं झाली. चुलीवरून गॅसवर आली, पण बोलणं होतं तेवढंच तिखट राहिलं. पोराने ताटात भात टाकला की ती त्याच्या आईला बाजारात गाठून चार बायकांत ऐकवते. स्वतः तिसरीपर्यंत शिकली. पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवली, आणि तो राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून शाळेचा विषय निघाला की ती कुणाच्या बापाला भीत नाही.

दहा वर्षांपूर्वी ही शाळा बंद पडायला टेकली होती. मग इंद्रजित गुरुजी आले. त्यांनी आणि त्यांच्या जोडीच्या बाईंनी अशी काही मेहनत घेतली की शिष्यवृत्तीच्या यादीत चिंचमळ्याची नावं दिसू लागली. कराड, तासगावकडची माणसं मोटारी घेऊन शाळेच्या फाटकात उभी राहायला लागली. पहिलीचा वर्ग एक आणि बाई एक, म्हणून समितीने ठरवलं, मुलं तीसच घ्यायची. दिवाळीपासून गावात राहत असलेली मुलं आधी, जागा उरल्या तर बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या.

ठरवणं सोपं होतं, पण माणसं काय कमी आहेत? कुणी पोराला आत्याच्या घरी आणून ठेवलं, कुणी मामाच्या. आधार कार्डावरचा पत्ता बदलला. सरपंचाने मागेल त्याला रहिवासी दाखला दिला, कारण कुणाला दुखवून त्याला पुढची निवडणूक लढवायची नव्हती. कागद बघून बघून गुरुजींचं डोकं उठलं, तेव्हा सुलाबाई म्हणाली, "गुरुजी, कागदं ठिवा बाजूला. मला संगं घेऊन चला. कोन हितलं आन कोन पावनं, ते मी सांगते."

तिची रीत अशी. घरात जाऊन खाली बसायचं, आईबापाशी इकडचं तिकडचं बोलायचं आणि मध्येच पोराला म्हणायचं, "बाळा, पानी आन बरं मला." घरातलं पोर उठून सरळ माठाकडे जातं. पाहुणं पोर आधी मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं. पोराने आपणहून पाणी आणलं की सुलाबाई ते गटागटा प्यायची आणि गुरुजी वहीत खूण करायचे. पोर अडखळलं तर ती तांब्याला नुसता हात लावायची, "ऱ्हाऊ द्या, तहान न्हाई" म्हणायची आणि तांब्या खाली ठेवायची. सहा वर्षं हे चाललं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती. निदान सुलाबाईला तसं वाटत होतं.

यंदा मात्र ही तपासणी तिच्याच उंबऱ्याशी आली.

तिची एकुलती एक लेक शकुंतला वडूजच्या पुढच्या एका वाडीत दिलेली आहे. तिथल्या शाळेत चार वर्ग मिळून अकरा पोरं आणि मास्तर एकच. ती शाळा यंदा बंद होणार की पुढल्या वर्षी, एवढाच प्रश्न होता. अक्षय तृतीया, गावाकडची आखिती, झाली आणि शकुंतला सहा वर्षांच्या ओवीला घेऊन आईच्या दारात हजर झाली.

"आई, हिला हितंच ठेवते. तुझ्या शब्दावर पोरं आत जात्यात, ठावं हाय मला."

"माझ्या शब्दावर न्हाई. दिवाळीपासनं हितं ऱ्हात्यात म्हनून जात्यात," सुलाबाई फटकन म्हणाली.

"मग फारमात दिवाळीच लिवते मी. तुला तिसरीतनं काढली म्हनून जलमभर रडत आलीस. माझ्या पोरीला तर पयलीसुदिक धड मिळायची न्हाई. आन तू तिची आज्जी असून बघत बसनार व्हय?"

हे मात्र सुलाबाईच्या वर्मी लागलं. चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ओवीला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "ह्यो माठ. तांब्या ह्या फळीवर. कुनी पानी मागितलं की माझ्याकडं न्हाई बघायचं, आईकडं न्हाई बघायचं. उठायचं आन आनायचं." ओवीला खेळच मिळाला. दिवसातून दहादा ती आजीला पाणी देऊ लागली. शकुंतलाला वाटलं, आई पोरीला वळण लावतेय. सुलाबाईला मात्र आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती. तरी तिने शिकवणं थांबवलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणी निघाली. तिसऱ्या दिवसापर्यंत एकोणतीस नावं पक्की झाली. जागा एक उरली आणि घरं उरली दोन. पहिलं घर म्हणजे गावातल्या लालासाहेब नावाच्या गृहस्थांच्या घरामागची खोली. तिथे अंकिता नावाची बाई भाड्याने राहत होती. तिचा नवरा धैर्यशील फौजेत. त्याची बदली सीमेवर झाली, तिथे बायकोमुलांना नेता येत नाही, म्हणून छावणीतलं क्वार्टर सोडून ती मुलगा वीरधवलला घेऊन इथे आली होती. दिवाळीच्या आधीच आली, असं ती सांगायची. गाव मात्र म्हणायचं, ही असते सांगलीला माहेरी, इथे नुसतं कुलूप लावलेलं असतं.

खोली स्वच्छ होती. सुलाबाई भिंतीला टेकून बसली. जरा वेळाने म्हणाली, "बाळा, पानी आन बरं मला."

वीरधवल जागचा हलला नाही. त्याने आईकडे बघितलं. मग फळीकडे बघितलं, मग परत आईकडे. अंकिताच लगबगीने उठली, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा तांब्या काढला, धुतला आणि पाणी भरून आणला.

सुलाबाईने तांब्याला हात लावला. "ऱ्हाऊ द्या, तहान न्हाई." तांब्या तिने खाली ठेवला. गुरुजींनी वहीत फुली मारली.

अंकिता त्या भरलेल्या तांब्याकडे बघत राहिली. "काकू, काही चुकलं का?" तिने विचारलं. सुलाबाई उठली. बाहेर पडताना दाराआडच्या एका खिळ्याला अडकवलेली लाल बाटली तिच्या खांद्याला लागून हलली. तिने ती धरून थांबवली आणि चपला घातल्या. ती गुरुजींच्या पुढे घराकडे निघाली. तो मुलगा कटला होता. आता मध्ये कुणीच उरलं नव्हतं.

स्वतःच्या घरात तिला पाणी मागता येणार नव्हतं. ते काम गुरुजींनी केलं. शकुंतला पदर सावरत दाराशी उभी होती. ओवी चटईवर बसून पाटीवर रेघोट्या मारत होती.

"दिवाळीपासून आहे ना ही इथे?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय की," शकुंतला म्हणाली. सुलाबाई जमिनीकडे बघत होती.

"ओवी, पाणी देतेस का मला?"

ओवी पाटी टाकून उठली. कुणाकडे बघितलं नाही. आत माठाच्या झाकणाचा आवाज झाला आणि पोर दोन्ही हातांत तांब्या धरून बाहेर आली. गुरुजी हसले. तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा केला आणि वही उघडली.

तांब्या गुरुजींच्या हातात जात होता, तेव्हाच सुलाबाईला दिसलं. तो अर्धाच होता.

नदीकाठच्या चिंचमळ्यात कुणी अर्धा तांब्या देत नाही. नळाला दोन वेळा पाणी, माठ कायम भरलेला, आणि पाहुण्याला काठोकाठ द्यायची रीत. ओवीच्या वाडीत चार दिवसांनी टँकर येतो. तिथे आधी अर्धा द्यायचा, लागलं तर परत द्यायचं, म्हणजे उष्टं टाकावं लागत नाही. सुलाबाईने नातीला माठ दाखवला, फळी दाखवली, पण किती पाणी भरायचं हे शिकवायचं तिला सुचलंच नव्हतं. गुरुजींच्या ध्यानात काहीच आलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही येणार नव्हतं. तोंड मिटून ठेवलं असतं तर विषय तिथेच संपत होता.

"झालं मावशी. ओवी पक्की," गुरुजी म्हणाले आणि उठले.

शिकवलेलं पोर पाणी आणतं. मग न शिकवलेलं पोर जागेवर बसून राहिलं, त्याचा अर्थ काय? सुलाबाईला ती लाल बाटली आठवली. बाटली नव्हे, खिळा आठवला. तो तिच्या खांद्याएवढाही उंच नव्हता. ती वाकून चप्पल शोधत होती म्हणून बाटली खांद्याला लागली होती. एवढ्या खाली खिळा कोण मारतं? ज्या घरात रोज एक लहान पोर हात वर करून आपली बाटली काढतं, त्याच घरात.

गुरुजींचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

"गुरुजी, थांबा. ही पोरगी हितली न्हाई."

"आई!" शकुंतला ओरडली.

"दिवाळीपासनं न्हाई, आखितीपासनं हाय. पानी कसं आनायचं ते मीच शिकिवलंय तिला. खोडा ते नाव."

 गुरुजींनी वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी, मग गेल्या सहा वर्षांत आपण..."

"त्ये मला आता इचारू नका," सुलाबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. किती घरांत तिने असा तांब्या खाली ठेवला होता, ते तिलाच मोजता येत नव्हतं. "आधी त्या फौजीच्या घरी परत चला."

अंकिताच्या खोलीत तांब्या तसाच होता. तिने तो उचलला नव्हता. सुलाबाई या वेळी टेकून बसली नाही. वीरधवलसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तू कशातनं पानी पितोस रं?"

मुलगा पळत दाराआड गेला, हात वर करून बाटली काढली आणि तिच्या हातात दिली. तांब्याला हात लावत नाही तो, अंकिता म्हणाली. छावणीत असल्यापासून त्याला बाटलीचीच सवय, तांब्या फक्त आल्यागेल्यासाठी. सुलाबाईने झाकण उघडलं आणि बाटलीतलं पाणी वरून तोंडात ओतलं. मग खाली ठेवलेला तांब्याही उचलला आणि तोही सगळा प्यायली. गुरुजींनी फुली खोडली.

पुढल्या वर्षापासून ही तपासणी बंद, आता सगळ्यांच्याच चिठ्ठ्या, असं तिने गुरुजींना तिथेच सांगून टाकलं. गुरुजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतला पिशवी भरून निघाली. आईशी एक शब्द बोलली नाही. सुलाबाई तरीही त्यांच्या मागोमाग फाट्यापर्यंत गेली. एसटी यायला वेळ होता. शकुंतला पाठ करून उभी होती. ओवी मात्र आजीचा हात सोडत नव्हती.

"आज्जी," तिने हळूच विचारलं, "मी पानी चुकीचं आनलं का गं?"

सुलाबाईने तिला जवळ ओढलं. 

"न्हाई गं बाय," ती म्हणाली. "तू बराबरच आनलंस. चुकीचं मी शिकिवलं."

शकुंतलाने मागे वळून बघितलं. एसटी आली तेव्हा तिने ओवीला आजीच्या हातून एकदम ओढून घेतलं नाही. चढायला जरा उशीर केला.