तुर्की संघासाठी नानांचं गाऱ्हाणं

सई, ये, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव. सोहारहून दोन-दोन महिने तोंड दाखवत नाहीस, आणि मावशी काही सांगायला लागली की 'जाऊ दे ना, सगळेच करतात' म्हणून मोकळी होतेस. सगळेच करतात म्हणे! नानांसमोर हे बोलली असतीस ना, तर नाक मुरडून एवढंच म्हणाले असते, "घाण रे, घाण!"

नानांना घाण फार पटकन दिसायची. मस्कतमध्ये बौशरला आमच्या इमारतीखाली तुर्की हॉटेल होतं, तिथे ते स्वयंपाकी. मूळचे कुडाळकडचे, साठीला टेकलेले, पांढऱ्या टोपीखाली कपाळभर आठ्या. कुणी चटणीचा चमचा दह्यात बुडवला की "घाण!" गिऱ्हाइकानं उरलेल्या रोटीवर सिगारेट विझवली की "घाण!" आणि टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू धक्का न लागताच पाय धरून लोळायला लागला की सगळ्यांत मोठ्यानं. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "वैनी, बघा मेलो कसो विव्हळता! ह्याका कोणी हात तरी लावल्यान काय?"

आता तुर्की फुटबॉल आणि आमचे नाना यांचा काय संबंध, तर हॉटेलचा मालक. त्याला सगळे उस्ता म्हणायचे, कसबी माणसाला तुर्कीत म्हणतात तसं. काळ्या समुद्राकाठच्या त्याच्या गावाचा संघ तिथल्या दुसऱ्या लीगमध्ये खेळायचा, वर्षानुवर्षं तिथेच. तो वरच्या लीगमध्ये गेलेला बघायची वाट बघत उस्ताचे वडील गेले. उस्ताला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी टीव्ही लागायचा. मी आणि तुझे काका चहाला उतरायचो, आणि मला ते वातावरण अजिबात आवडायचं नाही. हुक्क्याचा धूर, घामट शर्ट, गोल हुकला की टेबलावर मुठी. मी जायचे ती नानांच्या बडबडीसाठी.

त्या हंगामाच्या सुरुवातीला संघ सारखा हरत होता. उस्ता तोंड पाडून बसलेला बघून एका संध्याकाळी नानांनी गंमत म्हणून हातातला झारा खाली ठेवला, डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! परमुलखात जमलेली तुझी लेकरां तुका हाक मारतत. ह्या उस्ताचो संघ वर जाऊंदे. पण जाऊंदे तो खेळान, लबाडीन नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भांडी घासणारी आपली कोकणातली मुलं ओरडली. किनाऱ्यावरच्या बरक्याहून मासळी घेऊन येणारे रत्नागिरीचे दाऊदभाई म्हणाले, "आमीन!"

त्या दिवशी संघ जिंकला. झालं! मग गाऱ्हाण्याशिवाय सामना बघायची उस्ताची छातीच होईना. तो स्वतः "ओय माराजा" म्हणायला शिकला. किचनमध्ये ऑर्डरी तुंबल्या तरी "यल्ला नाना, यल्ला!" करून ओढत आणायचा. नाना येत. पण 'लबाडीन नको' हे शब्द एकदाही गाळले नाहीत.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी संघाला वर जायला बरोबरी पुरत होती. समोरच्या संघालाही खाली घसरायचं नसेल तर बरोबरीच हवी होती. तेव्हा पहिला अर्धा वेळ कसेबसे पळाले, आणि नंतर सई, काय सांगू, शिसारी येईल असा तमाशा. हे चेंडू मागे देतात, ते मागे देतात. गोलकीपर कंबरेवर हात ठेवून हसतोय. प्रेक्षक शिट्ट्या मारतायत. नाना टोपी हातात घेऊन उभे होते. तोंडातून 'घाण' सुद्धा निघाली नाही.

सामना शून्य-शून्य संपला. उस्ता रडला, नाचला, बाकलाव्याच्या तुपाळ मिठाईची परात सगळ्यांपुढे फिरवली. लोकांनी बोटं चाटत खाल्लं. तुझ्या काकांनीसुद्धा दोन तुकडे उचलले, मी बघतच राहिले. माझ्यापुढे परात आली तशी मी पुढे सरकवली.

आणि मग उस्ता म्हणाला, "नाना, अब भगवान को थँक्यू बोलो."

रीत तशीच आहे. मागितलेलं मिळालं की देवाला जाऊन सांगायचं. नानांनी हात जोडले नाहीत. "उस्ता, ये भगवान ने नहीं दिया. ये दोनों ने आपस में बाँट लिया."

"मेरा बाप ऊपर से देखता है आज! बोलो!"

"इसीलिए नहीं बोलता."

अख्ख्या हॉटेलसमोर! उस्ताचा चेहरा लालबुंद झाला. "बोलेगा नहीं तो खलास. घर जाओ." आणि परातीभोवतीचे ते सगळे, रोज नानांच्या हातचं खाणारे, एकजण तोंड उघडेल तर शपथ. उलट कुणीतरी म्हणालं, "बोल ना म्हाताऱ्या, तुझं काय जातंय?" त्या वाक्याची किळस मला अजून येते.

गावी जायच्या आदल्या दिवशी नाना वर निरोपाला आले. मी म्हटलं, "नाना, या वयात नोकरी घालवलीत? खेळच होता ना?"

"वैनी, म्हाराजाक हाक मी मारलंय. आता त्याकाच सांगू, डोळे झाक म्हणान?" चहा अर्धा ठेवून उठले.

पुढच्या हंगामात एकदा खाली गेले, तर नानांचा आवाज! कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाऱ्हाणं भरून ठेवलं होतं. उस्तानं तो फोन टीव्हीसमोर धरलेला, आणि सगळे इमानदारीत "होय म्हाराजा" म्हणतायत. 'लबाडीन नको'लासुद्धा! मी तशीच जिना चढून वर आले. पुन्हा उतरले नाही.

फोनवर नानांना सांगितलं तर ते चक्क हसले. "वाजवूंदे. म्हाराजा बहिरो नाय, वैनी. हाक खंयसून येता, ता त्याका बरोबर कळता." आणि मग विचारतात काय, "उस्ता बरो आसा मां? बापाशीसाठी येडो झालो तो. माणूस वायट नाय." मला एवढं मोठं मन नाही बाई.

आता त्यांचे गुडघे गेलेत. प्रत्येक फोनला विचारतात, "वैनी, कधी येताव?" मला कुडाळपर्यंत एकटीनं प्रवास झेपत नाही. म्हणून म्हणते, पुढच्या शुक्रवारी ये, दोघींची तिकिटं काढू. सबबी सांगू नकोस, नानांचं वय झालंय. लवकर ये गं.