कार्टूनातल्या गाईची लाथ

सन २०२३ मध्ये मी बहात्तर वर्षांचा होतो. तेल्हाऱ्यात ज्याच्याकडे मी दाढी करतो, त्या सलूनवाल्याच्या टीव्हीवर नेहमी एकच जुनं कार्टून असे. शेतकरी धार काढायला बसतो, गाय लाथ मारते आणि तो बादलीसकट हौदात पडतो. कितीदाही पाहिलं तरी सलूनवाल्याला हसू आवरत नसे. म्हणून गाईने पाय उचलायच्या आधीच तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा उचलून घेई, पोट धरून हसे, मग उरलेली दाढी करी.

मी कधी हसलो नाही. म्हणायचो, "गाईच्या मांगून कोणी धार काढाले बसते का?"

"आबाजी, गाय चष्मा लावते ते चालते तुमाले, अन् हा मांगून बसला ते नाई चालत?"

एक दिवस माझ्याच गाईने मला लाथ मारून शेणात पाडलं. पोरगा म्हणाला, "बाबा, आता तुमी धार काढाले बसू नका." ही गोष्ट सगळ्यांना कळली. कपाळाला पट्टी लावून मी सलूनमध्ये गेलो, तर बसलेले लोक माझ्याकडेच पाहत होते. कार्टूनातला शेतकरी बादली घेऊन निघाला, तसा सलूनवाल्याने टीव्ही बंद केला.

कोणी हसलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

"काहून बंद केला? लाव."

त्याने लावला आणि वस्तरा उचलून धरला. शेतकरी हौदात पडला, तेव्हा सगळ्यात आधी मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठायच्या आत मी बादली घेतली आणि त्याच गाईजवळ जाऊन बसलो.