शेंडीवाली कोंबडी आणि काकूंचा बेल

माझ्या आईच्या कोंबड्यांच्या डोक्यावर पिसांची शेंडी असायची. लहान पोरीचे केस वर घेऊन बांधावेत तशी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून निघताना आईनं तसल्या दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, पाय बांधून पिशवीत घातल्या आणि माझ्या पदराला मूठभर घेवड्याचं बी बांधलं. पाटोद्याच्या स्टँडवर पिशवीतून दोन शेंड्या बाहेर डोकावत होत्या आणि लोक बघून हसत होते. मी मान खाली घालून बसले होते, पण आतून बरं वाटत होतं. सासरी कुणीतरी ओळखीचं सोबत चाललंय, असं.

आई आता नाही. घेवडा आहे, त्याचं बी मी दर वर्षी धरते. कोंबड्याही वाढल्या होत्या, चौदापर्यंत गेल्या होत्या. मग एका उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला. कोंबडी बसल्या जागी मान वाकडी करते आणि दुसऱ्या दिवशी पाय ताणून पडलेली असते. आठवड्यात डालगं रिकामं झालं. एकच उरली, शेंडीवाली, तांबूस, एका पायाचं नख मोडलेली. आईच्या घराण्यातली शेवटची.

आमचं परस मोठं नाही. नहाणीचं पाणी जातं तिथं अळू आणि दोन केळी, पुढं वांगी आणि मिरची, कोपऱ्यात शेवगा, आणि मातीच्या भिंतीवर घेवडा. कार्तिकात सकाळचं ऊन घेवड्याच्या पानांतून गाळून खाली येतं. कोंबडी मातीत अंग घुसळते, धूळ उडते आणि त्या उन्हात बराच वेळ तशीच थांबून राहते. खाली बसायचं धुळीला आठवतच नाही. मी हातात झाडू घेऊन किती वेळ तिच्याकडं बघत उभी राहते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून म्हणतात, "उभ्यानं झोपती ही. घोड्यावानी."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास वन्सं बाळंतपणाला आल्या होत्या. मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला रोज एक अंडं पाहिजे, असं आत्याबाईंनी ठरवलं. आणि नेमकी त्याच दिवसांत शेंडीवाली खुडूक झाली. अंग फुगवून, पंख ढिले सोडून, खुड् खुड् करत फिरू लागली. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, तिला फक्त बसायचं असतं.

"हिची खुडूक मोड," आत्याबाई म्हणाल्या. "नाकात पीस घाल, पाण्यात बुडव तीन बार. चार दिसात येती वळणावर."

मला म्हणायचं होतं, आत्याबाई, बसू द्या तिला. गल्लीच्या टोकाच्या घरचा कोंबडा रोज आमच्याकडं येतो, अंडी उबतील, पिलं निघतील, नाहीतर ही गेली की सगळं संपलं. एवढं सगळं माझ्या मनात होतं. तोंडातून आलं, "बरं."

मी तिच्याच पंखाचं एक पीस उपटलं आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घातलं. माझ्याच हातानं. ती ओरडली नाही. बादलीत तीनदा बुडवली, तेव्हाही माझ्याकडं बघतच होती. मग दुपारभर डालग्याखाली ठेवली. उन्हं उतरल्यावर पाणी पाजायला डालगं उचललं, तशी ती ओल्या पंखांनी फडफडत घेवड्यावर चढली आणि भिंतीपलीकडं गेली.

परत आली नाही.

मी शोधलं. ओढ्यापर्यंत गेले, तुरीच्या फुललेल्या रानातून "ती ती ती" करत फिरले. आई असंच बोलवायची. कुणी भेटलं की मी गप्प व्हायचे आणि काहीतरी सांडलंय असं दाखवायचे. आत्याबाई म्हणाल्या, "मुंगसानं नेली आसंल. जाऊ दे." पण मुंगसानं नेली तर पिसं पडतात. पिसं कुठंच नव्हती. दुपारी मिरच्या खुडताना मधेच मला तिचा आवाज यायचा, अगदी हलका, जमिनीतून आल्यासारखा. मी हात थांबवायचे. मग वन्संचं बाळ रडायचं आणि तो आवाज त्यात मिसळून जायचा. पहाटे स्वप्न पडायचं, आई डालगं उचलून शेंड्या मोजतेय, आणि मी तिला सांगतेय, थांब, अजून एक यायचीय.

अकराव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "ए पोरी, हिकडं ये. हळू ये."

त्या वाणी काकू. पुढं त्यांचं किराणा दुकान, मागं परस. लिंगायत, गळ्यात लिंग असणारी माणसं. अंडं त्यांच्या घरात शिवतसुद्धा नाहीत. त्यांच्या परसात बेलाचं मोठं झाड आहे आणि काकांच्या पूजेला रोज त्याचाच पाला लागतो. त्यामुळं तिकडं कोंबडी गेली तरी काका दुकानातून दगड घेऊन धावत यायचे. इतक्या वर्षांत मी काकांच्या पुढ्यात एक शब्दही बोलले नव्हते. साखर आणायला गेले तरी चिठ्ठी पुढं करायचे.

बेलाच्या मागं तुराट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, गंजी लावलेली होती. काकूंनी बोट केलं. खाली, गवताच्या अंधारात, शेंडी दिसली.

ती माझी वाट न बघता तिथं बसलेली होती. पंखाखाली नऊ अंडी. तेव्हा मला कळलं, पळायच्या आधी अठरा-वीस दिवस ती आमच्याकडं दिवसाआड अंडं देते असं आम्ही समजत होतो, ते बाकीचे दिवस ती इथं येत होती. नाकात पीस अजून होतं, मोडून अर्धं झालेलं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. मी हात घातला, तिनं टोचलं. दुसऱ्यांदा घातला, टोचू दिलं, आणि ते पीस हळूच ओढून काढलं. तिनं डोकं झटकलं आणि डोळे मिटले.

"कधीपासून हाय इथं?" मी विचारलं.

"धा-अकरा दिस झाले."

"मग सांगितलं न्हाई कावून, काकू?"

"सांगितलं आसतं तर नेली नसती का तू? हालवली की ती अंडी सोडती, एवढं मला बी ठावं हाय." काकूंनी दुकानाकडं बघून आवाज बारीक केला. "सकाळी पाला तोडाया आले तर ही माझ्याकडं बघायली. नाकात पीस. म्या म्हनलं, जाऊ दे बाई, बस. तवापासून बेल मी देवळाजवळच्या झाडाचा आणते. त्यास्नी सांगितलंय, आपल्या बेलाला कीड लागली."

मला हसू आलं आणि रडूही. तुराट्यांत काहीतरी चमकत होतं. मी वाकून बघितलं, तर अडकित्ता.

"परवा आभाळ आलतं ना," काकू म्हणाल्या. "इजेनं अंड्यातला जीव जातो म्हणून तुमी लोखंड ठेवता म्हणं. हाताला दुसरं काय लागलं न्हाई. तवापासून हे सुपारी दातानं फोडायलेत बिचारे."

काका दुसऱ्या दिवशी पायी कपिलधारच्या यात्रेला निघणार होते. पुनव करून, येताना लेकीकडं दोन दिवस राहून येणार. काकू बोटांवर मोजत म्हणाल्या, "म्हंजी ते यायच्या आत तुझी पिलं निघत्याल. पन त्यांच्या नजरंला पडलं तर मी तरी काय करू? गंजीच उचलून फेकत्याल."

ते दहा दिवस मला आता एका लांब दुपारसारखे आठवतात. कामं उरकली की मी घेवड्याच्या शेंगा तोडायच्या निमित्तानं भिंतीशी जायचे आणि ओंजळीत कण्या घेऊन पलीकडं. काकू बेलाखाली बसून तांदूळ निवडत असायच्या. आम्ही फार बोलायचो नाही. कोंबडी बसलेली असायची, ऊन तुराट्यांवरून सरकत जायचं, बेलाचं एखादं पिवळं पान पडायचं. दिवसातून एकदा ती उठायची, खायची, पाणी प्यायची, मातीत दोनदा लोळायची आणि घाईनं परत जायची. त्या वेळी काकू तांदूळ निवडायच्या थांबायच्या. अंडी उघडी असायची तेवढा वेळ त्यांच्या जिवाला घोर. "ए बाई, बस की आता," असं तिला म्हणायच्या.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना कळलं असतं तर कोंबडी घरी आणावी लागली असती. वन्संसाठी शेजारच्या वस्तीवरून अंडी येत होती. रोज ताटलीत अंडं ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

एकोणिसाव्या दिवशी पाण्याची परीक्षा करायची असते. कोमट पाण्यात अंडी सोडायची. आत पिलू जिवंत असेल तर अंडं आपोआप हलतं. मी घरून भांडं आणायला निघाले, तर काकूंनी अडवलं. आत गेल्या आणि स्टीलचं पसरट पातेलं भरून कोमट पाणी घेऊन आल्या.

"काकू, तुमचं भांडं..."

"आता झाडांना पाणी घालाया ठेवीन. सोड तू. मी शिवनार न्हाई."

मी एकेक अंडं पाण्यावर ठेवलं. नऊच्या नऊ तरंगली, टोकं वर करून. पाणी निवांत झालं. आमच्या दोघींची तोंडं त्यात दिसत होती आणि वर बेलाच्या फांद्या. काहीच हललं नाही. मला वाटलं, त्या दुपारी डालग्याखाली मी तिला अडकवली, तेव्हाच सगळी थंड झाली असणार. मीच केलं हे.

मग एक अंडं जरासं डुललं. कुणी आतून कूस बदलावी तसं. त्याच्यापासून बारीक लाट निघाली आणि काठाला लागली.

"हाललं!" काकू ओरडल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. "अगं हे बी! हे बघ, हे तर नाचायलंय!"

सात हलली. दोन हलली नाहीत. ती मी घरी केळीच्या बुडाशी पुरली.

एकविसाव्या दिवशी सकाळी अंड्यांना चिरा पडल्या. आतून चिवचिव ऐकू येत होती. मी गंजीपाशी उकिडवी बसले होते, काकू माझ्यामागं उभ्या. एक पिलू अर्धं बाहेर आलं होतं, ओलं, कपाळाला कवचाचा तुकडा चिकटलेला. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि काका परसात आले. खांद्याला पिशवी, कपाळाला भस्म, पायांना चिंध्या बांधलेल्या. पाय सुजले म्हणून लेकीकडं न जाता एसटीनं सरळ घरी आले होते. हौदावर पाय धुवायला वाकले आणि तसेच थांबले.

"आवाज कशाचा यायलाय?"

मी वर बघितलं तर काकूंचा चेहरा उतरला होता. माझ्यासाठी वीस दिवस खोटं बोललेली बाई. आता बोलायचं ते मीच. मी उठून उभी राहिले. पदर सावरायचाही राहिला.

"काका, माझी कोंबडी हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "काकूंची चूक न्हाई. मीच ठेवा म्हनले. माझ्या आईच्या कोंबड्यातली एवढी एकच राहिलीय. पिलं निघायलीत. आज सांजपतूर असू द्या. मग मी सगळं झाडून, सारवून देते."

काका गंजीकडं आले. वाकले. शेंडीवालीनं त्यांच्याकडं मान उंचावून बघितलं आणि अंग फुगवलं. ते पिलू तेवढ्यात कवचातून पूर्ण बाहेर पडलं आणि अडकित्त्यावर आपटलं.



"बेलाला कीड लागली म्हणत होतीस," ते काकूंना म्हणाले, "ती हीच का?"

काकूंनी मान डोलावली.

"आन् माझा अडकित्ता हितं पाळणा झालाय." ते सरळ झाले, कंबरेवर हात ठेवून. "एवढं चालून गेलतो मी देवाला. हितं घरातच सोहळा चाललाय, आन् मला कुणी बोलवलं न्हाई." मग दाराकडं जाता जाता माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांजपतूर म्हंजी सांजपतूर. आन् अडकित्ता आता तुमच्याकडंच ठिवा."

संध्याकाळी मी डालग्यात कोंबडी आणि सहा पिलं घेऊन समोरच्या दारानं घरी आले. सातवं फुटलं नाही. तीन पिलांच्या डोक्यावर ओलसर गोंडा होता, बोटाच्या पेराएवढा. आत्याबाई ओट्यावर होत्या.

"कुठं गावली गं ही?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पीस काढल्याचंही. आतून वन्सं बाळाला घेऊन आल्या आणि पिलं बघून हसल्या. "बरं झालं वहिनी, हिला बसू दिलं ते. मला तर अंड्याच्या वासानं मळमळतंय रोज. पर आईला सांगावं कुणी?"

आत्याबाईंनी दोघींकडं बघितलं. "माझ्याच घरात सगळ्या मुक्या भरल्यात," म्हणाल्या, आणि उठून पिलांसाठी कण्या भरडायला बसल्या.

आज परसात नऊ कोंबड्या आहेत, पाच शेंडीवाल्या. जुनी तांबूस अजून आहे, फक्त ऊन खाते. कुणी खुडूक झाली की मी म्हणते, "आत्याबाई, बसू द्या," आणि त्या म्हणतात, "मी कुठं काय म्हनले?" काकूंना कोंबड्यांचं काही देता येत नाही. म्हणून मी घेवड्याचा एक वेल भिंतीवरून त्यांच्याकडं वळवलाय. सकाळी त्या बेल तोडतात, आपल्याच झाडाचा, आणि जाताना चार शेंगा खुडून नेतात. मी अलीकडं झाडू घेऊन उभी असते. पानं हलताना दिसतात, त्यांचा हात दिसत नाही. उन्हात धूळ थांबलेली असते, आणि तिच्याखाली एक शेंडी हळूहळू इकडून तिकडं जाते.