लहान बी, मोठा बी

परवा दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं... आणि तेही मी फिजिक्स शिकवणारी असून!

मी मुखेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की ठणठण गोपाळ. लातूरच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. त्यासाठी आपल्या शिकवण्याचा व्हिडिओ पाचच्या आत अपलोड करायचा होता. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटचीच संधी.

व्हिडिओ आमच्या ह्यांनी हौसेने नव्या फोनवर काढलेला, चांगला चार जीबीचा. लहान करून पाहिला तर फळ्यावरची अक्षरं वाचता येईनात. म्हटलं असू दे, आपलं नेट दहा एमबीचं आहे. चार हजार भागिले दहा म्हणजे चारशे सेकंद... सात मिनिटांचं काम! निवांत भाकरी-पिठलं झालं, चहा झाला आणि पावणेचारला मी बटण दाबलं.

दहा मिनिटं झाली तरी आकडा चार टक्क्यांवरच. मोबाईलचा डेटा लावावा तर आमच्या गल्लीत रेंजची एकच काडी.

घाबरीघुबरी होऊन स्पीड तपासायचं पान उघडलं आणि तिथे पाहिलं... दहाच्या पुढे एम कॅपिटल, पण बी लहान!

लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. नेटचा वेग मोजतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि आपण दोन्हींना एमबीच म्हणतो. देवनागरीत कुठे आलाय लहान-मोठा बी! एकक चुकलं की पोरांचा अर्धा मार्क कापणारी मी... कानशिलं तापली नुसती.

चारशे गुणिले आठ केले. जवळजवळ चोपन्न मिनिटं! आणि तीही सगळं नेट एकट्या मला मिळालं तर. हातात जेमतेम तास उरलेला आणि आमचं वायफाय तीन घरांत मिळून. बाजूच्या काकांकडे नेटवर मॅच चालू होती, ती मला भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी विचारलं, "का गं, काय झालं?"

"आई, बाकीच्यांनी नेट बंद केलं तरच होतंय बघा... न्हाई तर गेलं सगळं."

त्यांनी पदर खोचला आणि चप्पल न घालताच बाहेर पडल्या. अपलोड हा शब्द त्यांना कुठला माहीत! दारादारात त्यांचा आवाज ऐकू आला, "आमच्या सुनेचा पेपर चालू हाय! घंटाभर कोणी नेट लावू नका!"

भिंतीपलीकडची मॅच बंद झाली. आकडा हलायला लागला. दहा, पंधरा, वीस... मी स्क्रीनकडे पाहू शकत नव्हते आणि पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं. पाचला थोडा वेळ बाकी असताना हिरवी खूण आली आणि मी तिथेच खुर्चीत रडले.

संध्याकाळी तिसऱ्या घरी, शाहीनभाभींकडे आभार मानायला गेले. त्यांचे मिस्टर सौदीला असतात. बोलता बोलता कळलं, सासूबाई सांगायला गेल्या तेव्हा भाभी मिस्टरांशीच व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. त्यांना आठवड्यात शुक्रवारचीच काय ती सुट्टी. नमाज झाली की खोलीवर येऊन ते फोन लावतात, आणि तेवढ्यासाठी भाभी पूर्ण आठवडा वाट पाहतात.

मी म्हटलं, "भाभी, अहो सांगायचं तरी..."

त्या हसल्या. "पेपर म्हणल्यावर काय सांगायचं? हे बी तिकडून म्हणले, ठेव ठेव, पोरीचं नुकसान न्हाई झालं पाहिजे."

निकाल यायला वेळ आहे. धाकधूक आहेच, रात्री झोप लागत नाही. काय व्हायचं ते होईल...

पण येत्या शुक्रवारी दुपारभर आमच्या घरातलं नेट बंद राहणार आहे. मॅचवाल्या काकांनाही मी आत्ताच सांगून आलेय.