उन्हावर फोटो छापणारे कुशाबा

कुशाबा सकपाळांनी माझ्या एकाही फोटोला चांगलं म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आठ वर्षांत मी एकवीस फोटो पाठवले. एकवीसच्या एकवीस परत आले, मागे पेन्सिलीनं चूक लिहून. "म्हैस झकास, शेपूट कुठे विसरलात?" असल्या चुका! मी दासगावच्या शाळेतली मास्तरीण, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि तरी पुढचा फोटो पाठवल्याशिवाय चैन पडायची नाही.

महाडच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर त्यांचं 'चौकट' हे सदर यायचं, चोपन्न सालापासून. गिरगावातल्या एका स्टुडिओत त्यांनी उमेदीची वर्षं फोटो धुण्यात घालवली आणि मग पोलादपूरजवळच्या कापड्याला, गावी, भातशेतीवर परतले. आमच्याकडे वीज कुठली! त्यांनी लिहून लिहून शिकवलं: निगेटिव्ह आणि कागद काचेखाली दाबा, उन्हात ठेवा, चित्र उमटलं की ते पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात बुडवा आणि झऱ्याच्या पाण्यात धुवा. सावित्री नदीचं पाणी फडक्यातून न गाळता वापरलंत, तर गाठ माझ्याशी आहे, असंही. बिरवाडीचा शिंपी, पोलादपूरचा कंपाउंडर, नवऱ्यांनी मुंबईहून आणलेले डबा कॅमेरे हाती लागलेल्या दोन सुना आणि मी, सगळे त्या सदरापायी वेडे झालो होतो.

पावसाळ्यात ऊन नाही, म्हणजे छपाई नाही. ते चार महिने कुशाबा फोटोंऐवजी पोस्टकार्डं मागवत. घरातली एक वस्तू रोज बघा, तिच्यावर उजेड कसा पडतो ते लिहा. दसऱ्याला पुन्हा फोटो सुरू.

बासष्ट साली दसरा झाला, दिवाळी झाली, आभाळ लख्ख, तरी सदरात तेच. फोटो नकोत, वर्णन पाठवा. माझं डोकंच फिरलं. कारण त्या खेपेला माझ्याकडे आईचा फोटो होता. आई, ठकूबाई, भादव्यात गेली. वैशाखात तिला पायरीवर बसवून काढलेला तो तिचा एकुलता एक फोटो. तो कसा आलाय, हे मला कुशाबांच्याच तोंडून ऐकायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

रविवारी एसटीनं पोलादपूर गाठलं आणि तिथून कापड्यापर्यंत तरातरा चालत गेले. कुशाबा पडवीत बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी राहीबाई एक पोस्टकार्ड अक्षराला अक्षर लावत वाचत होत्या. मी नाव सांगून फोटो पुढे केला. कुशाबांचा हात फोटोच्या वीतभर अलीकडेच चाचपडत राहिला.

भांडायला आले होते. मी फोटो त्यांच्या हातात नेऊन ठेवला.

"या पावसात डोळं गेलं गो बाय," राहीबाई म्हणाल्या. "गेल्या साली अधू व्हायला लागलं, तवाच मी मुळाक्षरं गिरवायला घेतली. पत्रं वाचून दावायला कोन हाय दुसरं?"

"सांग," कुशाबा म्हणाले. "काय काय हाय फोटूत?"

मी सांगू लागले. पायरी. आई. तिचं हिरवं लुगडं, ते काळं आलंय. उतरतं ऊन तोंडावर, म्हणून डोळे बारीक केलेले. हात मांडीवर.

"ऊन तिच्या तोंडावर, म्हंजे तुझ्या पाठीवर. त्यात उतरतं. मंग तुझी सावली कुठं हाय?"

"कापली. कात्रीनं. तुम्हीच लिहिलं होतंत ना, काढणाऱ्याची सावली म्हणजे भातातला केस!"

"कुठवर आली हुती?"

"तिच्या पावलांवर."

कुशाबांनी फोटोची खालची कड अंगठ्यानं चाचपली. "अरं देवा," मग म्हणाले, "आयच्या पायाशी लेक हुती, आन मी ती कापाय लावली."

मी त्या पडवीत ओक्साबोक्शी रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. राहीबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या अंकात सदर चारच ओळींचं होतं. "सावलीबद्दल मी आठ वर्षं चुकीचं शिकवलं. ज्यांनी कापली असेल त्यांनी निगेटिव्ह शोधावी आणि अख्खी छापावी." मीही शोधली, ऊन बघून छापली आणि त्यांना पोस्टकार्ड लिहिलं: आईच्या पावलांवर माझी सावली आहे, कडा जरा पुसट.

कार्ड पोचण्याआधीच कुशाबा गेले. मला अजून त्यांची आठवण येते. कॅमेरा आहे, ऊन आहे, पण चूक काढायला कोणी नाही.

महिन्यानं कापड्याला भेटायला गेले, तेव्हा राहीबाईंना विचारलं, माझं कार्ड मिळालं का?

"मिळालं की. वाचलं."

"कोणाला?"

"त्यांच्या जागंकडं तोंड करून वाचलं गो. दोनदा वाचलं. पैल्यांदा माझं एक अक्षर चुकलं हुतं."