ताईच्या चेहऱ्यावरचं तेल

ताई कापसावर काचा पुसायचं स्पिरिट घेऊन नाक घासत होती. स्टाफच्या संडासात, आरशासमोर, एका पायावर. दुसरा पाय सुजलेला. नऊ तास उभं राहायचं, काउंटरमागे खुर्ची नाही.

"अगं, ते काचेचं आहे!" मी म्हटलं. मी तिचा डबा घेऊन आले होते.

"मग काचेवरचा डाग जातो ना? गप बस."

माझी ताई मोठ्या दुकानात क्रीम-पावडरच्या काउंटरवर, नऊ वर्षं. सकाळी कोरड्या चेहऱ्याने निघायची आणि अकरा वाजेपर्यंत कपाळ चकाकायला लागायचं. सुपरवायझर बाईने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "गिऱ्हाईक तुझं थोबाड बघून क्रीम घेणार का? दोन महिने देते. नाहीतर खाली गोडाऊनला." गोडाऊन म्हणजे तळघर. खोकी फोडायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिथे गेलेली एकही बाई परत वर आली नव्हती.

मग काय, सुरू झालं. दिवसातून सात वेळा साबण. जेवणाच्या सुट्टीत स्पिरिट. हे तिच्या एकटीचं डोकं नाही हं, त्या काउंटरवरच्या सगळ्याच मुली तेच करायच्या, एकमेकींना बाटली द्यायच्या. दिवसभर लोकांना मॉइश्चरायझर विकायची आणि स्वतः थेंब लावायची नाही. "आधीच तेल, त्यावर अजून थापू? वेड लागलंय?"

नाकाच्या कडा सोलल्या. हनुवटीवर फोड आले. संध्याकाळी घरी आली की चप्पल पायातच, भिंतीला टेकून बसायची. आणि तेल? ते येतच होतं.

शेवटी मी तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"किती वेळा धुतेस?"

"सात."

"बाई गं, खरकटी भांडीसुद्धा इतकी घासत नाहीत."

मी हसले. ताईने मला चिमटा काढला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्पिरिट आजपासून बंद. सौम्य फेसवॉशने सकाळ-संध्याकाळ दोनदा धुवायचं, फार तर घाम आल्यावर अजून एकदा. कोमट पाणी, घासायचं नाही. मग पातळ, जेलसारखं, तेल नसलेलं मॉइश्चरायझर. बाहेर पडताना सनस्क्रीन. दुपारी चमकलं तर टिपकागद नुसता दाबायचा. फोड फोडायचे नाहीत.

"तेल कधी जाणार?" ताईने विचारलं.

"जाणार नाही. तुझी कातडीच तशी आहे. आत्ता तू ती सोलतेयस म्हणून जळजळ आणि फोड, तेवढं थांबेल. सहा-आठ आठवडे धीर धर."

ताईचं तोंड एवढंसं झालं. पण तिने केलं. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, रोज सकाळी आरशात बघून "बघ, तसंच आहे" म्हणायची. मी म्हणायचे, "तुझं डोकंही तसंच आहे, त्याला आम्ही काही म्हणतो का?" पाचव्या आठवड्यात सोललेलं भरून आलं. दुपारी थोडी चमक यायची, ती कागदावर टिपायची, झालं. दोन महिने भरायला चार दिवस होते.

आणि तिला गोडाऊनला पाठवलं.

ताई फक्त एवढंच म्हणाली, "दमले गं. जाऊ दे." मला जाऊ देता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी भर दुकानात सुपरवायझर बाईसमोर उभी राहिले. "नीट बघितलंत का तिच्या तोंडाकडे? आता काय खोट आहे? तुमच्यापेक्षा बरी दिसते!" गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. बाईने दाराकडे बोट दाखवलं. सिक्युरिटीवाल्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. घरी ताईने तासभर शिव्या घातल्या, पण गोडाऊनला का पाठवलं ते सांगितलं नाही.

ते मला पाच महिन्यांनी कळलं, बसस्टॉपवर, नेलपेंटच्या काउंटरवरच्या मुलीकडून. ताईला खाली पाठवलं त्या दिवशी शाळेतली एक पोरगी आली होती, गाल सोललेले, आणि स्पिरिट असलेलं सगळ्यात कडक टोनर मागत होती. सुपरवायझर बाई मागेच उभी. ताईने तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "बाळा, हे लावू नकोस, आगीत तेल ओतशील." बाईने दोनच पर्याय दिले. पोरीला आत्ता बाटली विकायची, नाहीतर तळघर. ताईने ड्रॉवरची चावी काउंटरवर ठेवली आणि स्वतःच जिना उतरली.