उकंडरावाचं 'असन'

उकंडराव माझा जुना दोस्त, पण त्याच्याकडून सरळ उत्तर मिळवायचं म्हणजे वाळूतून तेल काढायचं. इंझोरीत त्याचं शेत आणि माझं, चंपालालचं, खत-बियाण्यांचं दुकान. "तूर फुलली का?" विचारलं की म्हणणार, "फुलली असन." आत्ताच शेतातून आलेला असतो, तरी 'असन'! कारण काय, तर मागच्या बांधाकडे जायचं राहिलं. 'असेल'ला आम्ही वऱ्हाडातले सगळेच 'असन' म्हणतो, पण यानं त्याचं व्रत घेतलंय. त्याची बायको अंजना म्हणते, "बायको कोन म्हनून इचारलं, तं माह्याकडे पाहून म्हनतीन, 'हे असन.'"

एका हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात माझ्या गोदामातून फवारणीचे पंप चोरीला गेले. शेतात निघालेल्या उकंडरावानं पोतं घेऊन पळणारा माणूस पाहिला. पोलिसांनी रिंकूला धरलं. रिंकू माझ्याच दुकानातला हमाल, माझ्याशी भांडून काम सोडून गेलेला. माल मात्र सापडला नाही.

मानोऱ्याच्या कोर्टात सरकारी वकीलबाईंनी मला समजावलं. चोरी झाली, माल तुमचा होता आणि नेणारा हाच होता, हे सगळं आपणच सिद्ध करायचं. रास्त शंकेला जागा उरता कामा नये. रिंकूनं काहीच सिद्ध करायचं नाही, तो गप्प बसला तरी चालतं. चोरीचं आणि मालाचं सांगायला मी होतो. 'हाच होता' म्हणायला उकंडराव!

एसटीतून जाताना मी त्याला हात जोडले होते, "बाबा, आजच्या दिवस नुसतं 'होता' म्हण."

"पाहू," तो म्हणाला.

साक्षीत वकीलबाईंनी विचारलं, "पळणारा कोण होता?"

"रिंकू असन."

न्यायाधीशांनी मान वर केली. "असन म्हणजे? होता का?"

"नाही जी. पाठ त्याच्यावानी होती. तोंड म्या पायलं नाही. होता म्हंजे होता, असन म्हंजे असन."

रिंकू सुटला. मी संतापून उकंडरावाशी बोलणंच टाकलं. पण त्याच्याशी अबोला धरून करमतंय कुणाला! शेवटी एके दुपारी भांडायलाच त्याच्या अंगणात गेलो, तर तिथे रिंकू उभा. सुटला खरा, पण गावात त्याला कोणी कामाला लावत नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "म्या चोरी केली नाही, हे तुमाले ठाऊक होतं न?"

उकंडरावानं त्याला नीट निरखलं. "नसन केली."

पोराचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

उकंडराव घरात वळून म्हणाला, "अंजना, याले जेवाले वाढ. उद्यापासून हा तूर कापाले, सोंगणीले येईन. शेतातल्या खोलीची चाबी याच्याजवळच दे."

मी उखडलोच. "अरे, 'नसन' म्हणतोस आणि चाबी देतोस?"

"मंग? 'असन'वर कोनाले जेलात नाही धाडता येत, चंपालाल. 'नसन'वर जेवू घालता येते."

अंजनानं न विचारताच माझंही ताट मांडलं, रिंकूच्या शेजारी. मी बसलो. राग गेला का, म्हणाल तर... गेला असन.